निलंग्याच्या शेवटच्या राजाची वंशावळ

मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयाच्या आवारात गेलं, की अलीकडे एक शब्द हटकून कानावर पडतो: वंशावळ. निलंगाही त्याला अपवाद नाही. सप्टेंबर २०२३मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूचे नमुने दप्तरांतून बाहेर निघाले. मोडी आणि फारसी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. नोंद सापडली तरी काम संपत नाही. त्या नोंदीतल्या माणसाशी आपलं नातं कागदावर मांडून दाखवावं लागतं. वर मूळ पुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, मग त्यांचे मुलगे. आजोबा, पणजोबा सगळे घडाघडा सांगतात. खापरपणजोबापाशी बहुतेक जण अडखळतात. आणि या झाडात बायकांचं नाव सहसा नसतंच. रेघ बापाकडून मुलाकडे उतरत येते.

आता ज्याच्या अमलातली ही दप्तरं, त्या राजाचीच वंशावळ मांडायची म्हटलं तर? तो खापरपणजोबाच्या पुढे किती वर जातो, कशाच्या आधारावर जातो, आणि त्याचं सांगणं कुठवर खरं मानायचं?

निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, त्या दिवसापर्यंत इथला राजा मीर उस्मान अली खान, सातवा निजाम. त्यानंतरही १९५०पासून १९५६पर्यंत तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, निलंगा तालुका बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आला, आणि १६ ऑगस्ट १९८२ला नव्या लातूर जिल्ह्यात गेला. म्हणजे निलंग्याने राजा पाहिला त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

या राजाची बापाकडची रेघ सांगायला सोपी आहे. उस्मान अली हा महबूब अलीचा मुलगा, महबूब अली अफजलउद्दौल्याचा, तो नासिरउद्दौल्याचा, तो सिकंदर जाहचा, तो निजाम अलीचा, आणि निजाम अली हा मीर कमरुद्दीनचा. कमरुद्दीन म्हणजे पहिला निजाम-उल-मुल्क, आसफजाह. त्याने १७२४मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिज खानाला मारलं आणि दख्खन आपल्या हातात घेतली. हे साखरखेर्डा आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं, जिजाबाईंच्या सिंदखेडराजाच्या शेजारचं. पहिला निजाम आणि निजाम अली यांच्या मधल्या काळात नासिर जंग, मुजफ्फर जंग, सलाबत जंग हेही गादीवर बसले. पण ते भाऊ किंवा बहिणीचे मुलगे, सरळ रेघेतले नव्हेत. गादीची यादी आणि रक्ताची यादी एकच असते असं समजून बरेच लोक इथे घोळ घालतात.

कमरुद्दीनच्या वर गेलो की हिंदुस्थान सुटायला लागतो. त्याचा बाप गाजीउद्दीन फिरोज जंग, औरंगजेबाचा सरदार. प्लेगच्या साथीत त्याची दृष्टी गेली, पण फौजेची कमान गेली नाही. त्याचा बाप ख्वाजा आबिद समरकंदजवळच्या अलियाबादचा. तो हजला निघाला असताना हिंदुस्थानात आला, औरंगजेबाच्या नोकरीत शिरला आणि किलीच खान झाला. १६८७मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा हात उडाला. जर्राह, म्हणजे शस्त्रवैद्य, खांद्यातले हाडांचे तुकडे वेचत होता तेव्हा तो दुसऱ्या हाताने कॉफी पीत, भेटायला आलेल्यांशी शांतपणे बोलत बसला होता, असं वर्णन आहे. थोड्याच दिवसांत तो वारला. हैदराबादच्या गादीचा हा आजोबा गोवळकोंडा घेण्यासाठी लढताना मेला आणि त्याच मातीत पुरला गेला. त्याचा नातू पुढे तिथला मालक होईल, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसणार.

इथवरची माहिती भक्कम आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय मराठवाड्याकडे जातं. मोगल अमीर-उमरावांच्या घराण्यांचा सर्वांत मोठा चरित्रकोश 'मआसिर-उल-उमरा' हा औरंगाबादेत लिहिला गेला. लेखक शाहनवाज खान, निजामाच्याच दरबारातला. पहिल्या निजामाविरुद्ध त्याचा मुलगा नासिर जंग उठला, तेव्हा शाहनवाज खान मुलाच्या बाजूला होता. बंड फसलं आणि त्याला काही वर्षं घरी बसावं लागलं. त्या सक्तीच्या फुरसतीत हा ग्रंथ झाला. पुढे तो पुन्हा वर चढला, दख्खनचा दिवाण झाला, आणि १७५८मध्ये औरंगाबादेत मारला गेला. घर लुटलं गेलं, हस्तलिखित विखुरलं. गुलाम अली आझाद बिलग्रामी या त्याच्या विद्वान मित्राने त्याचे कागद शोधून, जुळवून पुन्हा उभे केले. शेवटी शाहनवाज खानाच्या मुलाने, अब्दुल हईने, तो पूर्ण केला. आझाद बिलग्रामींची कबर खुलताबादेत आहे, पहिल्या निजामाच्या कबरीच्याच गावात. दुसऱ्यांच्या पूर्वजांचा हिशेब ठेवण्यासाठी एका माणसाने एवढी धडपड करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ख्वाजा आबिदच्या वर मात्र जमीन भुसभुशीत होते. घराण्याचा शजरा, म्हणजे वंशवृक्ष, सांगतो, की हा वंश बगदादचे सूफी शेख शिहाबुद्दीन सुहरावर्दी यांचा. हे शेख १२३४मध्ये वारले. त्यांचा 'अवारिफ-उल-मआरिफ' हा ग्रंथ पिढ्यान्पिढ्या सूफींच्या हाताशी असलेला. आणि सुहरावर्दींचा वंश जातो पैगंबरांचे सोबती, पहिले खलिफा अबू बक्र यांच्यापर्यंत. शेख आणि ख्वाजा आबिद यांच्यात साडेचार शतकं, शेख आणि अबू बक्र यांच्यात सहा. एवढ्या अंतरावर पूल एकच, तो म्हणजे घराण्यात जपलेला शजरा. मध्य आशियातल्या धार्मिक घराण्यांत शजरे काळजीने ठेवत, हे खरं. पण ज्या शजऱ्यावर मान, वर्षासन आणि चांगली स्थळं अवलंबून असतात, त्यात एखादं सोयीचं नाव शिरायला वेळ लागत नाही, हेही खरंच.

अशा वेळी इतिहासाचे अभ्यासक एक साधी कसोटी लावतात. सांगणाऱ्याची शान वाढवणारी गोष्ट आधी बाजूला ठेवा. शान वाढत नसतानाही जी सांगितली जाते, ती आधी पाहा. ही कसोटी घेऊन निलंग्याच्या मुलखावर राज्य केलेल्या जुन्या घराण्यांकडे वळलं की मजा येते. इथला प्रत्येक राजा आपल्याला कुणाचा ना कुणाचा वंशज म्हणवत होता.

निलंग्यातलं नीलकंठेश्वराचं दगडी देऊळ सगळे हेमाडपंती म्हणतात. ज्या हेमाद्रीच्या नावावर महाराष्ट्रातलं प्रत्येक जुनं दगडी देऊळ लोकांनी चढवलं, त्याने स्वतः बांधलं काय ते कमीच. पण देवगिरीच्या यादवांची वंशावळ मात्र त्याने नक्की बांधली. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा हा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख. 'चतुर्वर्गचिंतामणि' या प्रचंड ग्रंथाच्या व्रतखंडाच्या सुरुवातीला त्याने आपल्या धन्याची राजप्रशस्ती दिली आहे. ती चंद्रापासून सुरू होते. मग बुध, पुरूरवा, नहुष, ययाती, यदु. मग मथुरा, द्वारका. मग सुबाहू नावाचा सार्वभौम राजा येतो, तो आपलं राज्य चार मुलांत वाटतो, आणि दुसरा मुलगा दृढप्रहार याच्या वाट्याला दक्षिण येते. दृढप्रहारापासून पुढची नावं ताम्रपटांशी बरीचशी जुळतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकात दख्खनचा इतिहास लिहिताना ही प्रशस्ती वापरली ती याच भागासाठी. सुबाहूच्या वरचा मजला पुराणांतून उचललेला. एकाच झाडाचा खालचा भाग इतिहास आणि वरचा भाग स्तुती, आणि सांधा कुठे आहे ते कवी सांगत नाही.

यादवांच्या आधीचे कल्याणीचे चालुक्य तर निलंग्याचे शेजारीच. बसवकल्याण इथून फार लांब नाही. त्यांच्या १००९च्या कौठेम ताम्रपटात लिहिलंय, की या वंशाच्या ५९ राजांनी अयोध्येत राज्य केलं आणि मग १६ जणांनी दक्षिणापथात. मोजून ५९! त्यांची नावं मात्र नाहीत. याच घराण्यातल्या सहाव्या विक्रमादित्याचा काश्मिरी कवी बिल्हण याला अयोध्याही कमी पडली. त्याच्या काव्यात या कुळाचा मूळ पुरुष ब्रह्मदेवाच्या ओंजळीतल्या पाण्यातून निघतो. प्रत्यक्षात ९७३मध्ये तैलपाने राष्ट्रकूटांकडून गादी हिसकावली, आणि आपण बदामीच्या जुन्या चालुक्यांचेच वारस आहोत हे सांगणं त्याच्या वंशजांना फार गरजेचं होतं. भांडारकरांनी या दाव्यावर तेव्हाच शंका घेतली होती. तैलपाची राणी जाकव्वा राष्ट्रकूट घराण्यातली होती, हे मात्र नोंदलेलं आहे. म्हणजे ज्यांचं राज्य घेतलं, त्यांचंच रक्त पुढच्या चालुक्यांत आईकडून आलं. बापाकडून बदामी शंकास्पद, आईकडून राष्ट्रकूट नक्की. पण ताम्रपटावर डौल मिरवायचा तो बदामीचा.

आता राष्ट्रकूट. इथे आपण थेट लातुरात येऊन उभे राहतो. अमोघवर्षाच्या ८६६च्या शिरूर आणि निलगुंद इथल्या शिलालेखांत त्याला एक बिरूद आहे: लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. लट्टलूर ही त्याची राजधानी कधीच नव्हती. हे घराण्याचं मूळ गाव. सौंदत्तीला नंतर जे रट्ट सामंत राज्य करत होते, तेही शतकानुशतकं हेच बिरूद लावत राहिले. हे लट्टलूर कुठलं यावर वाद झाला. शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी आधी ते मध्य प्रांतातलं रतनपूर मानलं. पुढे ते आपलं लातूर हे मत स्थिरावलं, आणि अनंत सदाशिव अळतेकरांनी राष्ट्रकूटांवरच्या आपल्या १९३४च्या ग्रंथात ते मान्य केलं.

कसोटी इथे लावून पाहा. खोटंच सांगायचं असतं तर अमोघवर्षाने अयोध्या सांगितली असती, मथुरा सांगितली असती. अर्ध्या दख्खनचा राजा, ज्याच्या घराण्याने वेरूळचं कैलास कोरवलं, तो लातूरसारख्या गावाचं नाव का मिरवेल? एकच कारण पटतं: ते खरं होतं आणि घरात सगळ्यांना माहीत होतं. अर्थात मोह त्यांनाही सुटला नाही. पुढच्या ताम्रपटांत राष्ट्रकूट यदुवंशी होतात, सात्यकीचे वंशज होतात. घराणं जुनं होत गेलं तसा मूळ पुरुष जास्त जास्त लांब सरकत गेला. संजाणच्या ८७१च्या ताम्रपटात आणखी एक गोष्ट सांगून टाकली आहे: दंतिदुर्गाच्या बापाने, इंद्राने, चालुक्य राजकन्येला गुजरातेतल्या खेडा इथल्या लग्नमंडपातून राक्षसविवाहाने पळवून आणलं. म्हणजे साम्राज्य उभं करणाऱ्याची आई शत्रूच्या घरातली. इथेही खात्रीची गोष्ट आईच्या बाजूला सापडते.

मुसलमान राजवटी आल्या तरी हा नाद सुटला नाही, फक्त पुराणं बदलली. १३४७मध्ये बहमनी राज्य उभारणारा हसन स्वतःला इराणच्या पुराणकथांतल्या इस्फंदियारचा मुलगा बहमन याचा वंशज म्हणवत होता. त्याच्या हयातीतच, १३५०मध्ये पुरा झालेल्या इसामीच्या काव्यात हे आलंय. अडीचशे वर्षांनी फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने दुसरीच गोष्ट सांगितली: हसन हा दिल्लीतल्या गंगू ब्राह्मणाचा नोकर, आणि धन्याच्या उपकारातून बहमनी हे नाव आलं. कमीपणा आणणारी गोष्ट म्हणून आपली कसोटी फिरिश्त्याकडे झुकेल. पण ती इतक्या उशिरा लिहिली आहे की अभ्यासक ती मानत नाहीत. कसोटी लावताना सांगणारा घटनेपासून किती लांब उभा आहे, हेही पाहावं लागतं.

पाथरीची गोष्ट वेगळी. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद, त्याचा बाप मलिक हसन. हा हसन मुळात पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा, विजयनगरच्या मुलखात पकडला गेला आणि बहमनींच्या पदरी मुसलमान झाला, असं फिरिश्ता सांगतो. नुसतं त्याने सांगितलं असतं तर गंगूसारखंच बाजूला ठेवलं असतं. पण निजामशाह वागलेही तसेच. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. दुसऱ्या निजामशाहाने, बुऱ्हाणने, ती आपल्या पूर्वजांचं गाव म्हणून मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, आणि नकार आल्यावर लढून घेतली. परभणी जिल्ह्यातलं एक गाव पूर्वजांचं म्हणून जिंकून घेणाऱ्या सुलतानाचं मूळ तिथलंच असावं, असं मला वाटतं.

तिसरी शाही विजापूरची. पहिला आदिलशाह युसूफ, त्याच्याबद्दल फिरिश्ता लिहितो ते थेट नाटकाला शोभेल. युसूफ म्हणे तुर्कांचा सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा. बाप मेल्यावर थोरला भाऊ दुसरा मेहमद गादीवर आला, आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे धाकट्याला मारायचा हुकूम सुटला. आईने त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या गुलाम पोराचं प्रेत पुढे केलं आणि युसूफला एका व्यापाऱ्याबरोबर इराणातल्या सावा गावी पाठवून दिलं. तिथून तो दख्खनला आला. ही गोष्ट फिरिश्त्याने लिहिली ती विजापुरात, आदिलशाहाच्या पदरी बसून. अभ्यासक तिला कहाणी मानतात. मुरादचं नाव मात्र लक्षात ठेवा.

भोसल्यांबद्दल मराठी वाचकाला काय सांगायचं? १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी चितोडच्या सिसोदियांपासूनची वंशावळ पुढे आली, गागाभट्टांनी ती मान्य केली. तेव्हाच्या धर्मशास्त्राच्या चौकटीत सिंहासनावर बसायला क्षत्रियत्व सिद्ध करणं भागच होतं. त्या गरजेपोटी कागद गोळा झाले म्हणून ते खोटेच, असं म्हणता येत नाही, आणि खरेच, असंही नाही. जदुनाथ सरकारांसारख्यांनी त्यावर शंका घेतली. रा. चिं. ढेरे यांनी 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' या ग्रंथात दक्षिणेकडे बोट दाखवलं, होयसळ-यादवांच्या परिवाराकडे. आईची बाजू पाहिली तर जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या, आणि जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे म्हणवतात. म्हणजे हेमाद्रीच्या त्या प्रशस्तीचं एक टोक शिवाजी महाराजांच्या आजोळी येऊन टेकतं.

कोल्हापूरच्या गादीने तर रक्त आणि गादी यांतला फरक उघड्यावर आणला. राजर्षी शाहू जन्माने कागलचे घाटगे, यशवंतराव. १७ मार्च १८८४ला ते कोल्हापूरला दत्तक आले. त्यांच्या आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या, आणि मुधोळचे घोरपडे आपलं मूळ भोसल्यांशी एकच सांगतात. पुढे १९४७मध्ये देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार दत्तक येऊन शहाजी महाराज झाले. ते राजर्षींच्या मुलीचे, अक्कासाहेबांचे चिरंजीव. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा गोत्र बदलतो आणि नव्या घराचा होतो, कायद्यानेही तसंच. रक्त शोधायला गेलात तर ते पुन्हा मुलीकडूनच सापडतं.

थोडा हिशेब करू. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजी-पणजोबा. दर पिढीला दुप्पट. उस्मान अलीचा नातू मुकर्रम जाह आणि पहिला निजाम कमरुद्दीन यांच्यात आठ पायऱ्या आहेत. आठव्या पायरीवर माणसाच्या पूर्वजांच्या जागा होतात २५६. त्यातली एक कमरुद्दीनची. विसाव्या पायरीवर त्या होतात १० लाख ४८ हजार ५७६. एवढी वेगवेगळी माणसं नसतात, कारण नात्यात लग्नं होतात आणि तीच नावं पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झालं, की त्या जोडप्याच्या मुलांना आठाच्या जागी सहाच पणजी-पणजोबा उरतात. तरी मुद्दा राहतोच. वंशावळ म्हणून आपण जी सरळ रेघ दाखवतो, ती शेकडो-हजारो जागांमधली एक निवडलेली वाट असते. कमरुद्दीनचंच घ्या. बापाकडून अबू बक्रपर्यंतची वाट घराण्याने जपली. आईकडून तो शहाजहानचा वजीर सादुल्ला खान याचा नातू. सादुल्ला पंजाबातल्या चिनियोटचा, साध्या घरातला, केवळ विद्वत्तेच्या जोरावर वजीर झालेला. मला विचाराल तर त्या घराण्याने अभिमान धरावा असा पूर्वज हाच.

कागदाच्या पलीकडची कसोटी आता प्रयोगशाळेत आली आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५मध्ये लढाईत मेला. त्याचा सांगाडा २०१२मध्ये लेस्टरमधल्या गाड्या लावायच्या जागेखाली सापडला. आईकडून आईकडे जाणारा डीएनए त्याच्या बहिणीच्या आजच्या वंशजांशी जुळला. बापाकडून मुलाकडे जाणारा मात्र कागदोपत्री त्याच पितृवंशातल्या पुरुषांशी जुळला नाही. मधल्या शतकांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते, एवढंच त्याचं म्हणणं. कुठे, ते डीएनए सांगत नाही. २०१३मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांच्या नातेवाइकांच्या चाचणीतून निघालं, की त्यांच्या आईची सरळ मातृरेघ सुरतेत येते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर फोर्ब्स या कंपनीच्या व्यापाऱ्याच्या घरी एलायझा केवार्क नावाची बाई होती. त्यांची मुलगी कॅथरिन लहानपणी स्कॉटलंडला पाठवली गेली, आणि तिच्यापासून उतरत ती रेघ डायनापर्यंत आली. सापडलेला मातृवंशाचा प्रकार भारतीय उपखंडातला आणि तिथेही दुर्मीळ. उद्याच्या ब्रिटिश राजाचं एक मूळ तापीकाठी आहे, आणि ते आईकडून आहे.

आता मुरादकडे. मार्च १९२४मध्ये तुर्कस्तानच्या नव्या प्रजासत्ताकाने खिलाफत रद्द केली आणि शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याला देशाबाहेर काढलं. तो फ्रान्समध्ये नीस शहरी राहिला, चित्रं काढत. हैदराबादहून उस्मान अली त्याला तनखा पाठवत असे. नोव्हेंबर १९३१मध्ये नीसमध्येच निजामाच्या दोन्ही मुलांची लग्नं लागली. धाकट्या मोअज्जम जाहचं तुर्की सुलतानांच्या उस्मानी घराण्यातल्या निलोफरशी, आणि थोरल्या आजम जाहचं खलिफाच्या एकुलत्या एका मुलीशी, दुर्रुशेवारशी. १९३३मध्ये नीसलाच मुकर्रम जाह जन्मला. उस्मान अलीने मुलाला बाजूला सारून या नातवाला वारस नेमलं. १९६७मध्ये आजोबा वारल्यावर तो आठवा निजाम झाला, नावापुरता. १९७१च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यताही गेली.

या मुकर्रम जाहची वंशावळ आईकडून मांडा. दुर्रुशेवार, तिचा बाप अब्दुलमजीद, त्याचा बाप सुलतान अब्दुलअजीज, मग दुसरा महमूद, पहिला अब्दुलहमीद, तिसरा अहमद, चौथा मेहमद, इब्राहिम, पहिला अहमद, तिसरा मेहमद, तिसरा मुराद, दुसरा सलीम, आणि तेराव्या पायरीवर सुलेमान, ज्याला युरोप वैभवशाली म्हणे. सलीमची आई हुर्रेम, आजच्या युक्रेनच्या मुलखातून गुलाम म्हणून धरून आणलेली. उस्मानी सुलतानांच्या आया बहुतेक अशाच, जनानखान्यात विकत आलेल्या बायका. त्यांच्या आईबापांची नावं बहुधा कुठेच नोंदलेली नाहीत. जगातल्या सर्वांत काटेकोर राजवंशावळींपैकी एक, पण दर पायरीवर अर्धी कोरी. सुलेमानच्या वर पहिला सलीम, दुसरा बायजीद, इस्तंबूल जिंकणारा दुसरा मेहमद, आणि सतराव्या पायरीवर त्याचा बाप, दुसरा मुराद.

हा तोच मुराद, ज्याचं नाव विजापूरच्या आदिलशाहाने आपल्या पूर्वजांत लावून घेतलं होतं. जी सोयरीक दख्खनच्या एका घराण्याने कहाणीतून जोडली होती, ती साडेचारशे वर्षांनी दख्खनच्याच दुसऱ्या घराण्यात रीतसर निकाह लागून आली. तोवर इस्तंबुलात सुलतान उरला नव्हता. नीसच्या लग्नाला सतरा वर्षंही पुरती झाली नव्हती, तेव्हा निलंग्यात निजामही उरला नाही. मुकर्रम जाह १४ जानेवारी २०२३ला इस्तंबुलात, आईच्या माहेरच्या गावी वारला. दफनासाठी त्याला हैदराबादला आणलं आणि मक्का मशिदीत, बापाकडच्या पूर्वजांच्या रांगेत ठेवलं.